यमाजीचं बाकडं

यमाजी हे त्याचं खरं नाव नव्हतं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथे ते सुखात होतं. बागेतल्या लोकांनी त्याला यमाजी म्हणायला सुरुवात केली त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. नाव ठेवणारे एकेक करून निवृत्त झाले, पण नाव काही निवृत्त झालं नाही. कारण अगदी साधं होतं. बागेतले बाकीचे माळी झाडं जगवत, आणि झाडं मरतात का ते बघणं हे यमाजीचं काम होतं.

ऑर्किडघराच्या मागे एक जिना होता, जिन्याच्या वर गच्ची, आणि गच्चीवर सिमेंटची तीन बाकडी. वर निम्मं ऊन अडवणारी जाळी. गावाची हवाच अशी होती की सकाळी धुतलेला शर्ट संध्याकाळी दोरीवरही ओला आणि अंगावर घातला तरी ओला. अशा गावात लोकांना ऑर्किडचा भारी सोस. दुकानात थंड डोंगरांवरून आलेल्या फुललेल्या कुंड्या मांडलेल्या असत. त्या बघून माणूस हरखायचा, घरी न्यायचा, खिडकीत ठेवायचा, रोज पाणी घालायचा, आणि दीड-दोन महिन्यांत झाड मान टाकायचं. मग तो माणूस दुकानदाराला नाही, स्वतःलाच बोल लावायचा. आपला हातच वाईट, म्हणायचा.

म्हणून फार पूर्वीच्या एका संचालकांनी ही बाकडी बांधून घेतली होती. बाहेरून आलेलं प्रत्येक नवं ऑर्किड दोन वर्षं इथे राहणार. सकाळी सातला एक मग पाणी, सोमवारी चिमूटभर खत, बस्स. कुंडी हलवायची नाही, जास्तीची सावली नाही, जास्तीचं पाणी नाही. त्या संचालकांनी भिंतीवर ऑइलपेंटने लिहूनच ठेवलं होतं : लाड करू नये. दोन वर्षांत जे जगेल आणि एकदा तरी फुलेल, त्याचं नाव बागेच्या फाटकावरच्या यादीत. ‘आपल्या हवेत जगणारी ऑर्किडं’ अशी ती यादी. गावातले लोक फाटकाशी उभे राहून ती उतरवून घेत आणि मगच दुकानात जात.

यमाजी फार शिकलेला नव्हता, पण सत्तावीस वर्षं रोज मरणं बघितल्यावर माणसाला जगण्यातलंही थोडं कळायला लागतं. वांडा त्याला आवडायची. कुंडी नको, माती नको, नुसती तारेला टांगा. मुळं हवेत सोडून ती दमट हवाच पिऊन जगायची. डेंड्रोबियमही तसंच, कुरकुर न करणारं. फॅलेनॉप्सिसला सावली दिली की एकेक फूल दोन-दोन महिने टिकवून दाखवायचं. सीतेची वेणी तर उन्हाळ्यातच फुलायची, जणू उकाडा तिच्या माहेरचा. उलट थंड डोंगरातली झाडं वर यायची ती ताठ मानेने, आणि महिन्याभरात त्यांच्या पानांवर तपकिरी डाग पडायचे.

कुणी विचारलंच तर यमाजी एकच गोष्ट सांगायचा. “दिवसाचा उकाडा सगळेच सोसतात हो. सूर्य आहे म्हटल्यावर तापणारच. खरा प्रश्न रात्रीचा. रात्रीही गार झालं नाही तर कोण टिकतं, तेवढं बघायचं.”

आता महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. पाय सुजायचे, जिन्याच्या अठरा पायऱ्यांना दोनदा थांबायला लागायचं. पाण्याची झारी डाव्या हातातून उजव्या हातात आणि उजव्या हातातून डाव्या हातात. दमला होता तो. नुसत्या कामाने नाही, एकूणच.

अशातच एका सकाळी संचालकबाई गच्चीवर आल्या. या बाई नव्या, वर्षापूर्वीच आलेल्या, चाळिशीच्या. बोलणं झपझप, चालणं त्याहून झपझप. त्यांच्या हातात यंदाच्या यादीचा कच्चा छापील कागद होता.

“काका, हे बघा. सगळ्यात वर कोण आहे वाचा.”

यमाजीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. सगळ्यात वर होतं सिम्बिडियम.

“आणि आता सगळ्यात खाली.”

खाली त्याचं नाव होतं. खरं नाव. ‘सत्तावीस वर्षांची निरीक्षणं’ असं लिहून पुढे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आजवर यादीखाली संचालकांची सही असायची, दुसरं काही नाही.

“अहो, थंड डोंगरातलं सिम्बिडियम आपल्या उकाड्यात फुललं, हे कुणाला खरं वाटेल का?” बाई म्हणाल्या. “सगळीकडे पुस्तकात लिहिलेलं असतं, पानं येतील गवतासारखी, फूल नाही. आणि तुमच्या बाकड्यावर अकरा फुलांचा दांडा! मी आले त्याच आठवड्यात फुललं होतं. मला तर तो शकुनच वाटला.”

“हो,” यमाजी म्हणाला. त्याने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

बाई गेल्यावर तो बाकड्याच्या कडेवर टेकला. समोर पूर्वेच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, ते सिम्बिडियम उभं होतं. हिरवंगार. दृष्ट लागावी असं. आणि ते तिथे असायलाच नको होतं. त्याची जागा मधल्या बाकड्यावर, मधोमध, नवव्या खुणेवर होती.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी हे झाड बाकड्यावर आलं त्याच आठवड्यात यमाजीची बायको इस्पितळात दाखल झाली. बायकांचा वॉर्ड, वीस खाटा, तीन पंखे, आणि पंख्यांखाली फिरणारी तीच ती गरम हवा. तिला पाणी पोटात ठरेना, म्हणून नर्स तिला चोखायला बर्फाचे खडे द्यायची, स्टीलच्या ग्लासात. यमाजी काम सुटलं की थेट तिकडे जायचा. करायला त्याच्याजवळ काही नसायचं. डॉक्टर त्यांचं करत, नर्स तिचं करत. तो पदराचं टोक सरळ करायचा, उशी हलवायचा, पुन्हा होती तिथे ठेवायचा. पंचवीस वर्षं ज्याने मरणं नोंदवली त्याला या एका खाटेपाशी काय करावं ते सुचत नव्हतं.

निघताना बायको म्हणायची, “हा उरलेला बर्फ घेऊन जा. मला नको. इथे नुसता वितळून जाईल.” तो थर्मासमध्ये भरून घ्यायचा. घरी नेऊन तरी काय करणार? बाग वाटेवरच होती. पहिल्या दिवशी तो वर चढला तो बर्फ कुठेतरी टाकायचा म्हणून. समोर सिम्बिडियम मान टाकून उभं होतं. त्याने सगळा बर्फ त्या कुंडीत ओतला.

सकाळी पानं थोडी ताठ वाटली. कदाचित तसं काही नव्हतंही. पण संध्याकाळी पुन्हा बर्फ, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी त्याने कुंडी उचलली आणि भिंतीच्या सावलीत नेली. पंचवीस वर्षांत त्याने एकही कुंडी हलवली नव्हती. कितीतरी सुंदर झाडं त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती आणि त्याने त्यांना एक थेंब जास्तीचा दिला नव्हता, म्हणून तर यादीला वजन होतं. आणि या एका झाडासाठी त्याने दहा आठवडे, रोज, सगळं धाब्यावर बसवलं. का, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. या झाडासाठी काहीतरी करता येत होतं, एवढंच.

दहा आठवड्यांनी बायको गेली. बर्फ थांबला. कुंडी मात्र सावलीतच राहिली, परत उचलायचं त्याच्या जिवावर आलं. आणि पाच महिन्यांनी बुंध्यातून दांडा निघाला. सिम्बिडियमला दांडा धरायला आधी गार रात्री लागतात. त्या गार रात्री कुठून आल्या ते बागेत एकालाच ठाऊक होतं. नव्या संचालकबाईंनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि यमाजी मूग गिळून उभा राहिला.

आता ते झाड यादीत सगळ्यात वर बसलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला आठ दिवस समजावलं. एक ओळ तर होती. तो जाणार, नवा माणूस येणार, लोक चार झाडं आणतील, ती मरतील. दुकानातली मरतच होती की. शिवाय नाव होतं. लेकीला दाखवता आलं असतं. सत्तावीस वर्षं यमाजी म्हणून घेतल्यावर शेवटच्या दिवशी माणसाला स्वतःचं नाव छापलेलं बघावंसं वाटलं, तर त्यात काय मोठा गुन्हा?

नवव्या दिवशी फाटकाशी शिवणवाल्या ताई भेटल्या. साठीच्या बाई, मागच्या रस्त्यावर एका खोलीत शिवणयंत्र टाकून कपडे शिवायच्या. यंत्रासमोर एक खिडकी, तिच्यात एक झाड असावं ही त्यांची हौस. आजवर पाच ऑर्किडं मेली होती आणि प्रत्येक वेळी त्या यमाजीला येऊन सांगायच्या, घरातलं माणूस गेल्यासारख्या.

“भाऊ, ते थंड डोंगरातलं आपल्याकडे फुललं म्हणे?”

चोराच्या मनात चांदणं. यमाजी दचकला. “कोण म्हणालं?”

“फुलवाला म्हणाला. बागेतल्या बाईंनी सांगितलं म्हणे त्याला, यादीत येणार आहे. तो तर आत्ताच वीस कुंड्या मागवतोय.” ताईंनी डोक्यावरचा पदर मानेवर ओढून घाम टिपला. “मी ठरवलंय. हे एक घेणार. यादीतलं म्हणजे तुमच्या हातचं पारखलेलं. हेही मेलं तर मग कळून चुकेल की खोट माझ्यातच आहे. पुन्हा कुंडीला हात लावणार नाही.”

“अहो ताई, हात-बित काही नसतं.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला? तुमच्या हातून सिम्बिडियम फुलतं!”

त्या हसत हसत गेल्या. यमाजीला मात्र तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसावं लागलं. कुठल्यातरी खिडकीत कुणीतरी म्हातारी, पानं काळी पडत चाललेल्या झाडासमोर बसून आपल्या हातांकडे बघत राहणार, आणि ते त्याच्या नावाखाली. हे होऊ नये म्हणून तर बाकडी बांधली होती. तो उठला. अठरा पायऱ्या नव्हत्या, बाईंची खोली तळमजल्यावर होती, तरी त्याला तीनदा थांबायला लागलं.

“बाई, सिम्बिडियम यादीतून काढा.”

बाईंनी मान वर केली. “का? पडलं का काही?”

“पडलं नाही. मी त्याचे लाड केले.”

त्याने सगळं सांगितलं. उभ्यानेच. इस्पितळ, ग्लास, थर्मास, भिंतीची सावली. सरळ सांगितलं. पंख्याने टेबलावरचे कागद उडत होते आणि बाई एकेक दाबून धरत होत्या.

“आणखी कुठल्या झाडाला?”

“नाही. हे एकच.”

“मी मानते,” बाई म्हणाल्या. “पण काका, मी कुणाकुणाला सांगून बसले. फुलवाल्याला आता काय तोंड दाखवू?” मग त्यांनाच आपल्या बोलण्याची लाज वाटली असावी. आवाज उतरवून म्हणाल्या, “बसा ना. उभे का?”

तो बसला नाही. बसला असता तर पुन्हा उठवलं नसतं.

“चाचणी पुन्हा धरावी लागेल,” बाई म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून. यादी परवा लागेल, त्याच सकाळी झाड मूळ जागेवर. म्हणजे... मी दुसऱ्या कुणाला सांगते हलवायला.”

“नको. मीच ठेवतो.”

“जगेल?”

“या महिन्यात, मधल्या बाकड्यावर?” यमाजीने मान हलवली. “वीस दिवस. फार तर पंचवीस.”

“घरी घेऊन जाता का? मी कागदावर दाखवीन काहीतरी.”

क्षणभर त्याला वाटलं, हो म्हणावं. मग त्याला आपली खोली आठवली, वरचा पत्रा आठवला, आणि रोज संध्याकाळी बर्फ आणायला जाणारा आपण आठवलो. “नको बाई. माझ्याच्याने आता होणार नाही.” मग जाता जाता म्हणाला, “खालचं नाव पण काढा.”

बाईंनी आग्रह केला नाही. पेन उचललं आणि दोन्ही ओळी खोडल्या, वरची आणि खालची. यमाजीला वाईट वाटलं. आग्रह करतील असं कुठेतरी वाटलं होतं त्याला.

घरी लेक औषधांच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. दोघांचंच घर. ती भात लावत होती, तो दारात बसून पाय दाबत होता. नावाचं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आता नाव गेल्याचंही सांगावं लागलं, आणि मग बर्फाचंही. इतकी वर्षं लेकीला तो बागेतल्या गोष्टी सांगत आला होता, ही एक सांगितली नव्हती.

“म्हणजे आईचा बर्फ?” ती म्हणाली.

“तिचा उरलेला. ती म्हणायची मला नको.”

लेकीने गॅस बारीक केला. ओट्याला टेकून उभी राहिली. “बाबा, उरलेला नव्हता तो.”

“म्हणजे?”

“ती खायचीच नाही. दुपारी मी असायचे ना तिच्याजवळ. नर्सने दिला की एक खडा तोंडात धरायची आणि बाकीचा ग्लास टॉवेलात गुंडाळून उशाशी ठेवायची. संध्याकाळी तुम्ही यायच्या आधी नर्सकडून आणखी मागून घ्यायची. मी ओरडले एकदा. तर म्हणाली, ‘असू दे गं. ह्यांच्या बागेत कसलंसं थंडीतलं झाड आलंय. त्याला घालतात वाटतं. इथून जाताना ह्यांच्या हातात काहीतरी असू दे. रिकाम्या हाताने जाताना बघवत नाही मला.’”

यमाजीने पाय दाबणं थांबवलं.

“तिला कसं कळलं?”

“तुम्हीच रोज सांगत होतात की. आज पान ताठ आहे, आज नवा कोंब आहे. दुसरं काही बोलायचातच कुठे तुम्ही तिथे?”

“पण मग तिला लागत असेल ना बर्फ.” तो म्हणाला. “उकाडा किती होता तिथे. तिला लागत असेल.”

लेकीला खोटं बोलता आलं असतं. पण ती बापावर गेली होती. “असेलही लागत,” ती म्हणाली. “मला नाही माहीत, बाबा.”

जेवायला बसले तेव्हा दोघांनाही भात फारसा गेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी यादी लागली. चौदा नावं, खाली संचालकांची सही. शिवणवाल्या ताई चष्मा लावून फाटकाशी उभ्याच होत्या.

“भाऊ, तुमचं ते कुठे दिसत नाही?”

“ते इथलं नाही, ताई. फुललं ते खोटं होतं. मी फसवून फुलवलं होतं. तुमच्या खिडकीला ऊन किती?”

“सकाळचं दोन तास.”

“मग फॅलेनॉप्सिस घ्या. यंत्राच्या अलीकडे ठेवा, उन्हाची तिरीप लागू देऊ नका. पानांच्या बेचक्यात पाणी साठू देऊ नका. आणि ती पाच मेली त्यातलं एकही या हवेतलं नव्हतं. मी असतो तरी मेली असती.”

ताईंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. सुईने टोचलेली बोटं. “म्हणजे दहा वर्षं मी उगीचच...” त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. रागावल्या की सुटल्या ते यमाजीला कळलं नाही.

तो वर गेला. सिम्बिडियमची कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरली, पानं त्याच्या तोंडावर आली. दहा पावलं चालून त्याने ती मधल्या बाकड्यावर, नवव्या खुणेवर ठेवली. एक मग पाणी घातलं. बाकीच्यांनाही एकेक मग घातलं. झारी खाली ठेवली आणि त्या कुंडीशेजारी बाकड्यावर बसला.

ऊन चढलं. दहा वाजता जाळीतून ठिपके पडले, बारा वाजता ठिपके एकत्र झाले. शर्ट पाठीला चिकटला, पायांची सूज वाढली. सगळ्यात वरचं पान थोडं वाकल्यासारखं दिसत होतं. त्याने हात पुढे केला नाही.

साडेबाराला बाई जिना चढून आल्या. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, “काका, अहो सावलीत या. काय चाललंय हे?”

“येतो,” यमाजी म्हणाला.

पण तो उठला नाही. त्याला बसायचं होतं, काही न करता, नुसतं जवळ. इतका वेळ तो तिच्या खाटेपाशी एकदाही बसला नव्हता. तिथे रोज त्याला निघायची घाई असायची, बर्फ वितळेल म्हणून.